सात झाडांना निमंत्रण

एकदा एका डोंगरगावी एक वृद्ध वैद्य राहत असत. सारी पंचक्रोशी त्यांना आबा म्हणे. त्यांच्यापाशी दामोदर नावाचा शिष्य आठ वर्षे शिकत होता. पाठांतरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. समोरचा नुसता शिंकला, तरी दामोदर शिंकेवरचे तीन श्लोक म्हणून दाखवी. आबा मान डोलावत आणि म्हणत, "छान. आता त्या बिचाऱ्याला नाक पुसू दे."

गावाच्या पश्चिमेला देवराई होती. ती काही घनघोर अरण्य नव्हती. तोंडात विडा धरून बाहेरून चालायला लागावे, तर विडा संपायच्या आत फेरी पुरी व्हावी एवढीच. गावाकडून गाडीवाट येई, कुंभारवाडीकडून पाणंद येई, ओढ्याच्या काठाने गुरांची वाट येई. सगळ्या राईच्या कडेपर्यंत येत आणि वळसा घेऊन पुढे जात. आत मात्र एकही वाट जात नसे. राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला लावायची नाही असा गावाचा नेम होता. औषधासाठी तेवढी वैद्याला मुभा होती, आणि तिलाही एक रीत होती.

आदल्या दिवशी दिवस मावळताना झाडापुढे जायचे. बुंध्याशी हळद लावलेल्या चिमूटभर अक्षता ठेवायच्या, रोग्याचे नाव घ्यायचे, रोगाचे नाव घ्यायचे आणि म्हणायचे, "उद्या तुला न्यायला येतो." सकाळी वाटेत कुणाशी न बोलता जायचे आणि लागेल तेवढेच घ्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या वैद्य हेच करत आले होते. दामोदरला ही रीत गोड वाटे, पण जुन्या माणसांची हौस म्हणून.

त्या वर्षी पौषात लखू कुंभाराची बायको सुंद्रा आजारी पडली. नऊ दिवस पोटात अन्न ठरेना. घरात दोन कच्चीबच्ची मुले. आबांनी दामोदरला बोलावून सांगितले, "हा रोगी तुझा. मी मध्ये पडणार नाही. अडलास तर मात्र येऊन विचार."

दामोदर गेला. त्याने नाडीला बोटे लावली न लावली तोच त्याच्या डोक्यात श्लोकांची गर्दी झाली. ताप होता, उलट्या होत्या, जुलाब होते, खोकला होता, पायांवर सूज होती, तोंड कडू होते, झोप नव्हती. सात लक्षणे आणि प्रत्येक लक्षणाला वेगळा श्लोक. मूळ रोग कोणता, ते मात्र त्याला उमगेना. आबांना विचारावे, तर आठ वर्षांनी कोणत्या तोंडाने विचारायचे? बाहेर येऊन तो लखूला म्हणाला, "उद्या दुपारच्या आत औषध आणतो."

"वैद्यबुवा, तिला वाचवा," लखू म्हणाला. "पोरं लई ल्हान हायेत." एवढे बोलून तो चाकाकडे तोंड करून बसला. चाकावर नऊ दिवसांत माती चढली नव्हती.

त्या सांजेला दामोदर राईत गेला आणि त्याने एक नव्हे, सात झाडांना निमंत्रण दिले. कुडा, सातवीण, गुळवेल, हिरडा, असा तो फिरत गेला. प्रत्येकाच्या बुंध्याशी अक्षता ठेवल्या. रोगाचे नाव काय घेणार? ते त्याला ठाऊकच नव्हते. म्हणून त्याने सातही ठिकाणी एकच वाक्य म्हटले, "उद्या तयार राहा. लागलात तर घेईन."

सकाळी दाट धुके पडले होते. पाणंदीने येताना त्याला दोन्हीकडची शेते दिसत नव्हती, फक्त पायाखालचा ओला दगड दिसे. राईच्या कडेला आला तेव्हा मागे कुंभारवाडीतला कोंबडा आरवत होता. त्याने आत पाऊल टाकले आणि कोंबड्याचा आवाज मध्येच तुटला. पाखरू बोलत नव्हते, पान हलत नव्हते. चावडीवर पुष्कळ माणसे बोलत बसलेली असावीत आणि आपण आत शिरताच सगळी गप्प व्हावीत, तशी ती शांतता होती.

तो कुड्यापाशी पोहोचला. अक्षता जागच्या जागी होत्या. रात्रभरात एकाही मुंगीने दाणा नेला नव्हता, एकाही पाखराने टिपला नव्हता. हे त्याला बरे वाटले नाही. साल काढायला त्याने विळा उचलला आणि पाठीमागे कुणीतरी येऊन उभे राहिल्यासारखे झाले. वळून पाहिले, तर सातवीण. काल ती वीस पावलांवर होती. आज हात लांबवला असता तर लागली असती.

"धुक्यात अंतर कळत नाही," तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. विळा कंबरेला खोचून तो बाहेर जायला वळला. ऊन वर आल्यावर परत येऊ, असे त्याने ठरवले. सरळ नाकासमोर चालला, आणि पुढ्यात हिरडा आला. बुंध्याशी अक्षता. डावीकडे वळला, तर गुळवेल, तिच्या मुळाशी अक्षता. पुन्हा वळला, तर समोर कुडा.

चकवा लागला की अंगातले वस्त्र उलटे करून घालावे असे आजी सांगे. दामोदरने बंडी काढली, उलटी करून घातली आणि पुन्हा चालला. पुन्हा कुडा. एवढीशी राई, पण तिला आज कडच नव्हती. आणि मग त्याचे लक्ष खाली गेले. समोरच्या जांभळाच्या बुंध्याशी अक्षता होत्या. त्याने जांभळाला बोलावले नव्हते. पलीकडच्या ऐनाच्या झाडापाशीही होत्या. अंजनीपाशी होत्या, वेलींच्या मुळाशी होत्या, ज्यांची नावेसुद्धा त्याला येत नव्हती त्या झुडपांपाशी होत्या. जिकडे पाहावे तिकडे हळदीचे पिवळे ठिपके. सारी राई आमंत्रण घेऊन उभी होती, आणि वाट पाहत होती.

दामोदर मटकन खाली बसला. तिकडे दुपार होईल, सुंद्रा वाट पाहील, तिचा जीव जाईल आणि आपण इथेच फिरत राहू, या विचाराने त्याला रडू कोसळले. मोठ्या माणसाने रडू नये वगैरे त्याला तेव्हा आठवले नाही.

बऱ्याच वेळाने काठीचा आवाज आला. दामोदर परतला नाही म्हणून त्याला शोधत आबा धुक्यातून आले. त्यांनी शिष्याकडे पाहिले, बुंध्यांकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "काल काय म्हणालास यांना?"

"म्हणालो, तयार राहा. लागलात तर घेईन."

आबांनी कपाळाला हात लावला. मग ते कुड्यासमोर गेले, हात जोडून उभे राहिले आणि दामोदरला म्हणाले, "ये. माफी माग. आणि का बोलावलंस ते खरं खरं सांग."

आठ वर्षे शास्त्र शिकलेला तो तरुण कुड्यासमोर उभा राहिला. शेवटी म्हणाला, "तुला उगाच बोलावलं. सुंद्रावहिनींना काय झालंय ते मला कळलेलं नाही." आबांनी वाकून अक्षता उचलल्या आणि उपरण्याच्या टोकात घेतल्या. मग सातवीण. मग हिरडा. प्रत्येक झाडापुढे तेच वाक्य. पहिल्या दोन वेळी त्याला लाज वाटली. पाचव्यांदा तो ते नुसते सांगू लागला, जसे कुणी आपल्या गावाचे नाव सांगावे. सातव्या झाडानंतर कुठेतरी एक बुलबुल बोलला. दामोदरने खाली पाहिले. जांभळापाशी, ऐनापाशी, कुठेच काही नव्हते. दहा पावलांवर पाणंद दिसत होती.

बाहेर बांधावर बसल्यावर दामोदरने विचारले, "आबा, मी सातांनाच बोलावलं होतं. बाकीचे कसे आले?"

"अरे, नाव घेऊन एकाला जेवायला बोलावलं तर एकच येतो. 'या कुणीही, बघू' म्हटलं की गावजेवण होतं," आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "दामू, निमंत्रण झाडासाठी नसतं. झाडाला कुठं जायचंय? निमंत्रण आपल्यासाठी असतं. अमकीला अमका रोग आहे, असं तोंडानं म्हणायचं आणि मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. रात्रभर ते वाक्य आपल्या मानेवर बसतं. खरंच का, खरंच का, असं विचारत राहतं. सकाळीही ते खरं वाटलं, तरच हात लावायचा. तू वाक्यच म्हटलं नाहीस. जो रोग ओळखत नाही, तो रान उपसतो. आणि उपसलेलं रान बाईच्या पोटात गेलं असतं."

"आबा, तुम्ही चला. तुम्ही बघा तिला."

"येतो. मी ओट्यावर बसेन. आत तू जा. आता जे सात वेळा म्हणालास, तेच आठव्यांदा म्हणायचं."

कुंभाराच्या घरी दामोदर सुंद्राच्या उशाशी बसला. या वेळी त्याने नाडी धरली ती सोडली नाही. एकही श्लोक आठवला नाही. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला काय झालंय ते मला कळलेलं नाही. तुम्हीच सांगा. नऊ दिवसांत पोटात काय काय गेलं?"

शेजारी बसलेली सासू चपापली. "आगं बया, वैद्यालाच कळंना?" पण सुंद्राने डोळे उघडले. तिने सासूकडे पाहिले, थोडी घुटमळली, आणि मग वाकळेखाली हात घालून एकेक पुडी बाहेर काढू लागली. ही नणंदेने धाडलेली मुळी. हा मावशीचा काढा. हे जत्रेतल्या बाबाचे चूर्ण. ही शेजारणीने उगाळून दिलेली साल. हे माहेरचे. हे सासरचे. अकरा पुड्या निघाल्या.

"परत्येक जण मायेनं देतंय," सुंद्रा म्हणाली. आवाज जेमतेम निघत होता. "न्हाई कुनाला म्हनायचं? पयल्या दिशी नुसतं पोट बिघडलं व्हतं."

सासूने पदर तोंडाला लावला. "मीच दिलं गं बाई, त्यातलं निम्मं मीच दिलं," असे म्हणून ती रडू लागली. दामोदरने पुड्या गोळा करून बाजूला ठेवल्या. आपल्या सात औषधी यांच्यात जाऊन पडल्या असत्या, हे त्याच्या लक्षात आले. तो सासूला म्हणाला, "काकू, रडू नका. तांदळाची पातळ पेज करा. मिठाचा एक खडा घाला. दुसरं काहीही द्यायचं नाही. मी इथंच बसून आहे."

पेज आली. त्याने स्वतः चमच्याने दोन घोट पाजले. लखू दारात उभा होता, मुले त्याच्या पायांना धरून होती. घरात कुणी हालले नाही. एक घटका गेली, दुसरी गेली. पेज पोटात राहिली. सुंद्रा कुशीवर वळली आणि झोपली.

दामोदर ओट्यावर आला. आबांनी विचारले, "काय दिलंस?"

"काहीच नाही, आबा."

आबांनी आत वाकून सुंद्राच्या सासूला हाक मारली, "पेज उरली असेल तर वाटीभर आण गं. सकाळपासनं पोटात काही नाही." आणि शिष्याला आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली.

आजही आजाऱ्याच्या उशाशी आपण सात जण सात उपाय घेऊन बसतो. त्यांतल्या एकाने तरी रिकाम्या हाताने बसावे आणि त्या आजाऱ्यालाच काय होतंय ते विचारावे.