कौतिकेची रेघ

"पोरगी कामाची आहे वो. पण आहे ते वाळूतली. पाण्याचं तिले का समजते?"

महागू ढिवर आपल्या बायकोला हे सांगत होता. तट्ट्याच्या भिंतीपलीकडे नवी सून भांडी घासत बसली आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तट्टा म्हणजे शेवटी विणलेला बांबू. त्यातून वारा येतो, उजेड येतो, आणि बोलणं तर दार उघडून आल्यासारखं येतं.

"अन् बोलत बी नाही," सायत्रा म्हणाली. "मुकी तर नाही ना आणली पाहून?"

कौतिकेनं परातीवर आणखी एक मूठ वाळू टाकली आणि ती परात इतकी घासली, की पुढे तीन पिढ्या त्या घरातल्या मुली तिच्यात पाहून भांग पाडत, असं म्हणतात.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वैनगंगेवर पूल नव्हता, आणि अलीकडच्या खैरघाटावरून पलीकडच्या बोरटोल्याला जायचं तर महागूच्या डोंग्याशिवाय दुसरा उपाय नव्हता. महागूचा बाप डोंगा चालवायचा, बापाचा बापही तेच करायचा. त्या घरात मूल जन्मलं की त्याच्या हाताला आधी डोंगा ढकलायचा बांबू लावून मग आईजवळ देत, असं म्हणतात. त्यातलं थोडं खरं असावं, कारण महागूच्या मुठी झोपेतही बांबू धरल्यासारख्या मिटलेल्या असत.

कौतिकेचं माहेर वरच्या अंगाला होतं. तिकडची माणसं डांगरवाड्या करायची. दिवाळीनंतर नदी आटत गेली, की उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत घालायचं, आणि त्यात टरबूज, डांगर, काकडी लावायची. चालायला लागल्यापासून कौतिका वाळूत होती. कुठली वाळू पाय पेलते आणि कुठली गिळते, हे तिच्या तळव्यांना कळायचं. पण ते तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची तिला सवय नव्हती.

आता खैरघाटाची अडचण ऐका. उन्हाळ्यात तिथे नदी मैलभर पसरते आणि वीतभर उरते. मधे मात्र एक डोह आहे, तिथे बांबू टेकत नाही, आणि उन्हाळ्यात डोंगा पुढे न्यायला धारही नसते. त्यामुळे चैत्र लागला की महागूला डोंगा दोन कोस वरून वळवून न्यावा लागे, आणि पलीकडे पोचेतो अर्धा दिवस जाई. म्हणून मच्छीमार सोसायटीनं त्या वर्षी एक मोटर दिली. लांब दांड्याची. इंजिन डोंग्याच्या मागच्या टोकाला खिळीवर बसवलेलं, त्यातून दीड पुरुष लांब लोखंडी दांडा मागे पाण्यात गेलेला, दांड्याच्या टोकाला पंखा. इकडे हातात मूठ. मूठ खाली दाबली की पंखा वर येतो, मूठ उचलली की पंखा खोल जातो. एवढंच तिचं शास्त्र.

सोसायटीच्या माणसानं ते एकदा दाखवलं आणि जाताना सांगून गेला, "अक्षयतृतीयेपर्यंत चालली तर मोटर तुमची. नाही तर खालच्या घाटाले देऊन टाकू. मग डोंगा बी तिकूनच लागंल."

म्हणजे घाटच जाणार होता. ज्या घराला सगळी नदी घाटाच्या नावानं ओळखते, त्या घराचा घाट गेला तर उरतं काय? महागू त्या दिवशी जेवला नाही, असं म्हणतात. सायत्रेच्या म्हणण्याप्रमाणे जेवला होता, पण भाकरी मोजून दोन कमी.

मोटर चालेना. डोहात चांगली पळायची. पाणी उथळ झालं की घर्र करून थांबायची. पंख्याला दांड्याशी धरून ठेवणारी बोटाएवढी पिन असते, ती तटकन तुटायची. मग महागूचा मुलगा सुकदेव, म्हणजे कौतिकेचा नवरा, पाण्यात उतरून नवी पिन घालायचा. एका पंधरवड्यात अठरा पिना गेल्या.

"पिनाच नासक्या आहेत," महागू म्हणायचा. "पहिलेचं लोखंड नाही रायलं आता."

कौतिका घाटावर धुणं धूत हे पाहत होती. तिच्या लक्षात आलं, की डोंगा वाळूला लागला की सासरे मूठ वर उचलतात. वर उचलली की पंखा खाली घुसतो. पिढ्यान् पिढ्या त्या हातांना एकच गोष्ट माहीत होती. डोंगा अडला की बांबू तळाला रोवायचा आणि जोर लावायचा. बांबूला ते बरोबर होतं. मोटरीला ते म्हणजे स्वतःच्या हातानं खड्ड्यात उडी.

चैत्रात पाणी रोज बोटभर उतरतं. काल जे पाण्याखाली होतं ते आज उघडं पडतं. एका सकाळी कौतिका पिण्याचं पाणी आणायला वाळूत खणलेल्या झिऱ्यावर निघाली, आणि ओल्या वाळूत तिला आदल्या दिवशीच्या डोंग्याची वाट दिसली. पंख्यानं तळाला ओढलेली रेघ होती ती. जिथे डोंगा सुरेख गेला होता तिथे रेघ नखानं ओढल्याइतकी बारीक. जिथे पिन तुटली होती तिथे गुडघाभर खड्डा. आणि प्रत्येक खड्ड्याच्या अलीकडे एक रुंद पसरट खूण होती, डोंग्याच्या मागच्या बुडाची. मागची बाजू जड होऊन बसली होती.

तिनं पाण्याचा गुंड खाली ठेवला, घरी जाऊन नवऱ्याच्या मनगटाला धरून त्याला तिथे आणलं, आणि खड्ड्यात उभं केलं.

सुकदेवानं खड्ड्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. "आपणच खणतो वो हे," तो हळूच म्हणाला.

कौतिकेनं मान डोलावली.

त्यानंतर रोज दुपारी गाव आडवं झालं की दोघं डोंगा घेऊन जात. मूठ कौतिकेच्या हाती. पंखा पाण्याच्या आत बोटभर ठेवायचा, जास्त नाही. फार वर आला तर मोटर बोंबलते, फार खाली गेला तर गुरगुरते. मधला एक आवाज आहे, भरल्या पोटाच्या म्हशीसारखा. तो सोडायचा नाही. आणि उथळात थांबायचं नाही. वेग कमी केला की मागचं बूड बसतं, बूड बसलं की संपलं. पाणी जिथे काळसर आणि गुळगुळीत तिथून जायचं, जिथे बारीक सुरकुत्या तिथे वाळू वर आलेली. हे सगळं तिनं नवऱ्याला बोट दाखवून शिकवलं. बापाला सांगायची मात्र सुकदेवाची छाती झाली नाही. आणि सुनेनं सासऱ्याला सांगायचं तर सूर्य दुसरीकडून उगवायला हवा होता.

अक्षयतृतीया आली. त्याच दिवशी बोरटोल्यात लग्न होतं, मुहूर्त गोरजाचा, आणि वऱ्हाड खैरघाटावरून जाणार होतं. सोसायटीचा माणूस पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला होता.

त्या घाटाची एक रीत आहे. वऱ्हाडाच्या डोंग्यात घाटावरची सगळ्यात नवी सून बसते, नदीच्या पाण्याचा तांब्या घेऊन. पलीकडे त्याच पाण्यानं नवरदेवाचे पाय धुवायचे. तांब्या मागच्या फळीवर ठेवायचा, कारण तिथे पाणी उडत नाही. आणि तांब्या जिथे तिथे मान. वडीलधारी मंडळी त्याला खेटून बसणार. त्या दिवशी तांब्याला खेटून नवरदेवाचा मामा लक्षूबा बसला होता, त्याचा भाऊ बसला होता, दोन आजे बसले होते. लक्षूबा बसला तेव्हा डोंगा मागून हातभर खाली गेला आणि पुढे बसलेला नवरदेव बाशिंगासकट वर उचलला गेला.

मूठ अर्थातच महागूच्या हाती होती.

पहिल्या उथळात एक पिन गेली. सुकदेवानं उतरून दुसरी घातली. डोह पार झाला, वाजंत्र्यांनी वाजवायला घेतलं, आणि पलीकडच्या उथळात दुसरी गेली. डबीत आता एकच पिन होती.

"महागू, बांबू आणला आहेस का?" लक्षूबा म्हणाला. "नाही म्हणजे, पोरगं म्हातारं व्हायच्या आत पोचलो तर बरं."

वऱ्हाड हसलं. महागू हसला नाही. तो स्वतः पाण्यात उतरला. शेवटची पिन बापलेकांनी मिळून बसवली. पाणी मांडीपर्यंतही नव्हतं, समोर दोनशे हात सुरकुतलेलं पाणी, त्यापुढे काठ, काठावर मंडप, आणि सूर्य झाडांच्या शेंड्याला टेकलेला. पलीकडून सोसायटीचा माणूस हातातली वही मिटताना दिसत होता.

तेव्हा कौतिका उठली. तिनं मागच्या फळीवरचा तांब्या उचलला, माणसांमधून वाट काढत डोंग्याच्या पार पुढच्या टोकाला गेली, आणि तो तिथे ठेवला.

मंडळी बघत राहिली. तांब्या पुढे गेला म्हणजे मान पुढे गेला. दोन्ही आजे एकमेकांकडे पाहून उठले. लक्षूबाचा भाऊ उठला. लक्षूबा क्षणभर बसून राहिला, मग गुडघ्यावर हात टेकत तोही उठला. "ही कुठली रीत काढली बाप्पा?" असं पुटपुटत तो पुढे गेला आणि तांब्याला खेटून बसला. डोंग्याचं मागचं बूड पाण्यातून असं वर आलं, जसं पाण्यात बसलेलं जनावर उठावं.

कौतिका माघारी आली आणि तिनं मूठ धरली. सुकदेव उडी मारून वर चढला. त्यानं दोरी ओढली. मोटर लागली. तिनं मूठ खाली दाबली, पंखा बोटभर पाण्यात, आणि तो मधला आवाज सुरू झाला.

महागू अजून पाण्यातच होता. "अरे, मले तं घ्या," तो म्हणाला. पण उथळात थांबायचं नसतं. डोंगा गेला.

पुढचं ज्याचं त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि प्रत्येकाचे डोळे वेगळे. कोणी म्हणतात, वाळूनं दोन्ही बाजूंना सरकून वाट दिली. कोणी म्हणतात, समोरच्या वाळूवर अंडी घालून बसलेल्या टिटव्या आधीच उठून ओळीनं उडत पुढे निघाल्या, आणि डोंगा त्यांच्या मागोमाग गेला. बोरटोल्याचे म्हातारे तर सांगतात, की शेवटच्या पन्नास हातांत पाणी नव्हतंच, नुसती ओल होती, आणि डोंगा ओलीवरून आला. लक्षूबा मात्र मरेपर्यंत सांगत असे, की डोंगा त्याच्या पोटाच्या वजनानं गेला. यात सगळ्यांत कमी खोटं लक्षूबाचं.

गाई परत येत होत्या, धूळ उडत होती, आणि नवरदेवाचे पाय वेळेवर धुतले गेले. सोसायटीच्या माणसानं वही पुन्हा उघडली. मोटर खैरघाटाची झाली. घाट खैरघाटाला राहिला.

मग कौतिका रिकामा डोंगा घेऊन सासऱ्याला आणायला निघाली. महागू भर नदीत गुडघाभर पाण्यात तसाच उभा होता, धोतराचा सोगा हातात धरून. डोहाच्या कडेला पाणी जरा खोल आहे, तिथे तिनं डोंगा आणला. तो तिथवर चालत येऊन चढला. सवयीनं मागच्या फळीकडे निघाला. कौतिकेनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो वळला आणि पुढे जाऊन बसला.

त्या डोंग्याच्या पंख्यानं तळाला ओढलेली रेघ उन्हाळाभर तशीच राहिली, असं म्हणतात. पावसाळ्यात पूर आला आणि ओसरला, तेव्हा नदीनं आपला मुख्य प्रवाह त्याच रेघेतून काढला होता. आजही उन्हाळ्यात खैरघाटासमोर सगळीकडे वाळू उघडी पडते, पण एका बारीक वाटेनं पाणी वाहतच असतं. त्या वाटेला कौतिकेची रेघ म्हणतात. पूल झाला तरी अक्षयतृतीयेला त्या रेघेतून एक डोंगा जातोच. तांब्या पुढच्या टोकाला असतो. वडीलधारी मंडळी बिनतक्रार पुढे बसतात. घाटावरचा सगळ्यात वयस्कर माणूस मुद्दाम पाण्यात उतरून उभा राहतो, आणि मोटरीची मूठ त्या वर्षीच्या नव्या सुनेच्या हाती देतात. मुली माहेराहून लाजत येतात, सासरी महिनोन् महिने मान वर करत नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना एक वाक्य मोठ्यानं म्हणावंच लागतं. त्याशिवाय कोणी दोरी ओढत नाही.

ते वाक्य कौतिकेचं आहे. त्या संध्याकाळी डोंगा घाटाला लागला तेव्हा सायत्रा आणि सगळं गाव काठावर जमलं होतं. ओल्या धोतरानं उतरत महागू अभिमानानं सगळ्यांना सांगू लागला, "पाहा गा, वाळूतली पोर आणली होती. माझ्या घरी येऊन पाण्याची झाली."

कौतिकेनं मोटर बंद केली. पंखा वर घेतला. पदरानं त्याची वाळू पुसली. आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मामाजी, मी वाळूतलीच आहो. पाणी सरते, तिथून माझं काम सुरू होते."