चित्रातला भरधाव घोडा

विलायतेत पशुवैद्यकी शिकलेल्या वेणूला वाटलं होतं, संस्थानात तिच्या ज्ञानाचं स्वागत होईल. राजेसाहेबांनी मात्र तिला नव्या चित्रासमोर उभं केलं. त्यात भरधाव घोडा हवेत होता. पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले.

"चारही खूर हवेत असताना पाय पोटाखाली गोळा होतात, सरकार."

"घोडे आम्ही पाळतो की तुम्ही, डॉक्टरीणबाई?"

"आपणच. मग सांगा, हा घोडा खाली टेकणार कशावर? पोटावर?"

दरबार खदखदून हसला. ओशाळलेल्या राजेसाहेबांनी म्हाताऱ्या चित्रकाराला, भिकाजीपंतांना, तिथेच कामावरून काढलं.

"मी पाय पोटाखालीच काढले होते, ताई," जाताना ते म्हणाले. "सरकारांनीच ताणायला लावले."

वेणूला आपल्या जिंकण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरवलं, चूक पंतांची नव्हती, हे भर दरबारात सांगायचं. मग आपली नोकरी राहो वा जावो.