गच्चीवरची माती

"मग आता तिच्या दारात जाऊ की नको, आप्पा?"

मल्लिनाथ शेटे मठाच्या पायरीवर बसले होते. आमच्या पेठेतले सगळ्यात मोठे कापडवाले. सल्ला विचारत होते, पण एक पाय चपलेतच होता. मनात भाव ठरवून आलेलं गिऱ्हाईक असंच बसतं.

आप्पा, म्हणजे मठाचे म्हातारे स्वामी, वाती वळत होते.

"कुणाच्या दारात?"

"हुसेनबीच्या. खालच्या बोळातल्या."

गेल्या पावसाळ्यात पेठेतल्या सगळ्या गच्च्यांचं पाणी एका दमात त्या बोळात उतरलं. बांगडीवाल्या हुसेनबीची पोर, रुकैया, शेळी सोडवायला गेली. शेळी पोहून वर आली. पोर दुसऱ्या दिवशी सापडली... नाल्यात.

तेव्हापासून शेटे समोर आले की हुसेनबी तोंड फिरवते. बोलत काही नाही. भर बाजारात चौघांशी भांडून हसत घरी जाणारा हा माणूस, तेवढ्यानं आतून खचला होता.

"परवा ढग फुटल्यागत कोसळला, आप्पा. बोळात पाणी किती आलं असेल?"

"तूच सांग, मल्लू."

"घोट्याएवढं! बाकी सगळं आमच्या गच्च्यांनी धरलं. काही मातीतच मुरलं, उरलेलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हळूहळू उतरत होतं."

"केलंस कसं?"

शेटे खुलले. मांडी घालून बसले.

"आधी स्लॅब किती भार सोसेल ते इंजिनिअरकडून बघून घेतलं. मग पाणी न झिरपणारा थर, त्यावर खडी, त्यावर गाळणीचं कापड, आणि वर वीतभर हलकी माती. गवत लावलं, पानफुटी लावली. माझं बघून सगळ्या ओळीनं केलं. 'रुकैया बाग' म्हणून पाटीसुद्धा रंगवून तयार आहे. फीत हुसेनबीच्या हातून कापायची, असं मनात आहे."

"फार त्रास पडला असेल रे."

"छे हो! त्रास कसला? उन्हाळ्यात हात घातला, पावसाच्या आधी मोकळे. सोपं होतं सगळं. उगीच बाऊ करून बसलो होतो आम्ही."

आप्पांचा हात थांबला.

"ती आली होती ना तुझ्याकडे? गच्चीच्या पाण्याचं काहीतरी करा म्हणून... पोर जिवंत होती तेव्हा."

"आली होती."

"काय म्हणालास तिला?"

शेट्यांनी मांडी मोडली, पायानं चपला चाचपल्या.

"मल्लू..."

"म्हणालो... बाई, जुना स्लॅब आहे. होण्यासारखं काम नाही."

आप्पांनी हातातली वात उलगडली. बोटांत नुसता कापूस राहिला.



"मग... नको जाऊ?"

"जा."

"आणि पाटी?"

"ती राहू दे घरातच."

"मग तिला सांगू काय, आप्पा?"

आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याचेच डोळे भरून आले होते.

"मला सांगितलंस तेच. सोपं होतं म्हणून."