दोन तोंडांचा वीरगळ

एका राज्यात दोन चुलतघरे होती आणि त्यांच्या मधे एक खिंड होती. खिंड कुणाची, यावरून एका सकाळी भावाने भावाला कापले. दोन्ही घरांची आजी एकच होती आणि ती मंत्र जाणत होती. तिने खिंडीत वीरगळ उभा केला. एका तोंडावर वरच्या घरचे मेलेले कोरले, पाठीला खालच्या घरचे. मग म्हणाली, "जो आपलेच मेलेले पुजील, त्याला नावाने हाक मारणारे कुणी न उरो." आणि साळुंकी होऊन ती शिळेवर बसली.

शाप दोघांनीही ऐकला. प्रत्येकाला वाटले, तो पलीकडच्यांना आहे.

पिढ्या गेल्या. वरच्या घरात एकटा रायाजी उरला. दर अवसेला तो येई, आपल्या बाजूला तेल-शेंदूर लावी आणि परत जाई. वाटेत लोक तोंड उघडत, पण त्याचे नाव ओठांवर येत नसे. आपले नाव रायाजीच ना, अशी शंका आताशा त्यालाही येई. हाकेवाचून मरण येईल, या भयाने तो खंगला होता.

एकदा साळुंकी बोलली, "म्हाताऱ्या, तेल पुरे. शिळा चिकट झाली."

"मग काय करू?"

"पलीकडच्या विहिरीचे पाणी आण. पलीकडच्या चुलीचा विस्तव आण. मग पाठीवरची नावे मोठ्याने घे."

"ती वैऱ्यांची."

"माझ्या नातवांची."

रायाजी खिंड उतरला. विहिरीवरच्या नागाने विचारले, "कुणाचा तू?"

"आता कुणाचाच नाही."

नाग बाजूला झाला.

खालच्या घरात चुलीपाशी एकच म्हातारी होती. विस्तव मागताच ती म्हणाली, "वरच्या घरचे ना? नाक सांगते. आमच्यातही असलेच होते." तिने खापरात निखारे दिले आणि मागोमाग आली.

रायाजीने शिळेची पाठ धुतली, दिवा लावला. भिवजी, सटवाजी, लुखोजी. शेवटच्या नावाशी तो अडखळला. तेथे रायाजी कोरले होते.

"माझेही हेच नाव," तो पुटपुटला.

म्हातारी वळसा घालून समोर गेली. तिने त्याच्या घरचे सारे मेलेले नावानिशी वाचले. मग हाक आली, "रायाजीदादा, दिवा इकडेही दिसू द्या."

साळुंकी उडून गेली. खिंडीची वाट त्याच दिवशी वाहती झाली. येणारेजाणारे अजून वीरगळाला पुरा वळसा घालूनच पुढे जातात.

रायाजी मात्र त्या दिवशी तिथेच उभा होता. "तुझे नाव काय गं?"

"तुळजा."

"तुळजाताई," तो म्हणाला, "माझे पुन्हा एकदा घे."