वैद्यांनी काढलेली वायर

एकदा एक वृद्ध वैद्य राउटर विकत घ्यायला निघाले. हसू नका, नाडीपरीक्षेत हयात घालवलेल्या या माणसावर ती वेळ एका शिक्षिकेमुळे आली होती. तिला अपस्माराचे झटके येत. घाट उतरून दर आठवड्याला येणे तिला झेपेना, म्हणून यापुढे संगणकाच्या पडद्यावरूनच बोलायचे ठरले. "वैद्यबुवा, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. हे तुमच्या घराबाहेर जाणार नाही ना?" तिने विचारले. वैद्य म्हणाले, "नाही." तिचे नाव मीही तुम्हाला सांगणार नाही.

वैद्यांचा शब्द पंचक्रोशीत प्रमाण मानला जाई. आता तो एका प्लास्टिकच्या डब्यावर अवलंबून होता.

सोबतच्या शिष्याने आठवडाभर खपून निवड पक्की केली होती. आठ अँटेना, अफाट वेग आणि सारा कारभार मोबाइलवरून! दुकानदार खूश झाला. "पारख आहे हो तुम्हाला! नाहीतर हा बघा, दोन अँटेनांचा. गुरुजींच्या घरी शोभेल का?"

वैद्यांनी दोन्ही राउटर चालू करायला लावले. मग पुढे होऊन त्यांनी दोन्हींची इंटरनेटची वायर काढून टाकली.

शिष्य ओशाळला. "गुरुजी, वायरच काढल्यावर हे काय कामाचे?"

"आता दोन्हींचा पासवर्ड बदलून दाखव."

साध्या राउटरचा पासवर्ड दुकानातल्या संगणकावरून दोन मिनिटांत बदलला. आठ अँटेनांचा मात्र अडून बसला. कंपनीच्या खात्यात शिरल्याशिवाय तो मालकालाही आत घेईना, आणि कंपनीपर्यंत जायला वायर नव्हती.

"या साध्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या, ते अपडेट म्हणतात ते, किती वर्षे येतील?" वैद्यांनी विचारले.

"पाच वर्षं. खोक्यावरच लिहिलंय."

"मग हाच बांधा."

शिष्याचा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावरच होता. वैद्य म्हणाले, "मला यंत्रातले फारसे कळत नाही. पण रुग्णाजवळ कोणाला बसू द्यावे, एवढे कळते. घरच्या मालकाला आत घेण्यापूर्वी जो दूरच्या कुणाला विचारतो, तो त्या दूरच्याला आणखी काय सांगत असेल? कदाचित काहीच नाही. पण त्या मुलीला मी 'कदाचित' म्हणालो नव्हतो."

शिष्य खोके हातात घेऊन पायरीवरच थबकला. बारा वर्षांपूर्वी तो आणि आणखी एक विद्वान तरुण वैद्यांच्या दारी आले होते. "आधीच्या गुरूंकडे कोणते रुग्ण पाहिलेत?" वैद्यांनी दोघांना विचारले होते. विद्वानाने एका बड्या घरातील दुखणे श्लोकांसह उलगडून सांगितले. याने मान खाली घालून "ते मला सांगता येणार नाही," एवढेच म्हटले आणि वळकटी उचलली. तरी वैद्यांनी ठेवून घेतले ते यालाच. आपली दया आली असावी, असे तो आजवर समजत होता. आता त्याला खरे कारण उमगले. एवढी वर्षे ज्यांच्या शेजारी बसून औषधे कुटली, ते गुरुजी त्याला जणू प्रथमच दिसत होते.

"गुरुजी, त्या दिवशी तुम्ही मला..."

"पायरी बघून उतर," वैद्य म्हणाले.

दुसऱ्या सकाळी पडद्यावर शिक्षिका दिसली. तिने घाबरत विचारले, "खोलीत आणखी कोणी आहे का?"

वैद्य काही बोलण्यापूर्वीच शिष्य उठला, बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतले.