सूर्याचा दोर आणि अर्धी गोष्ट

एका राज्यात, पृथ्वीच्या अगदी माथ्यावर, सूर्य मावळेनासा झाला होता आणि राणी हेमगौरीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. काळजी सूर्याची नव्हती, भावाची होती.

त्या राज्याचा नेम असा, की गोष्ट सांगायची ती दिवस मावळल्यावरच. दिवसा सांगितली, तर ऐकणाऱ्या मुलाचा मामा वाट चुकतो. पण एका जादूगाराने सूर्याला दोराने बांधून ठेवले होते. मावळायची वेळ टळून तीन पौर्णिमा न दिसताच उलटल्या. पाच वर्षांची राजकन्या किंकिणी गोष्टीवाचून निजेना. राणीचा भाऊ वीरधवल सूर्य सोडवायला निघाला, आणि इकडे चौदा विद्या शिकलेल्या राणीने थकून भर उजेडात गोष्ट सुरू केली. अर्ध्यावर तिला नेम आठवला.

"अर्धीच तर सांगितली," ती स्वतःला समजावीत राहिली.

खिडकीत कुररी पक्षीण उतरली. "राणीसाहेब, आपले बंधू एकाच बर्फाच्या टेकडीला फेऱ्या घालताहेत. आज एकशे आठ झाल्या."

राणीने किंकिणीला कडेवर घेतले आणि कुररीमागोमाग जादूगाराचा डोंगर गाठला. तो मुठीत दोर धरून बसला होता, डोळे लालभडक.

"तीन कामे कर. मग सूर्य सोडतो."

पहिले, रडणाऱ्या देवमाशाला गप्प करणे. तिने केले. दुसरे, पांढऱ्या अस्वलाची वेणी घालणे. किंकिणीच्या वेणीपेक्षा ते सोपे गेले.

"तिसरे," जादूगार खाली पाहत म्हणाला, "मला निजव. अंधाराचे भय वाटते म्हणून सूर्य बांधला. आता उजेडात झोप येत नाही."

निजवण्याची एकच विद्या राणीला येत होती, आणि ती दिवसा वर्ज्य.

"भाऊ आणखी चुकला तर?" तिने विचारले.

"गोल फिरणारा आणखी कुठे चुकणार?" कुररी म्हणाली. "गोष्ट अर्धी राहिली म्हणून वाट अर्धी राहिली. पुरी करा."

राणीने गोष्ट पुरी केली. शेवटच्या वाक्याला जादूगार घोरू लागला, मूठ सैल पडली, दोर सुटला आणि सूर्य डोंगराआड घसरला. चांदण्या निघाल्या. पाठोपाठ वीरधवल आला.

"ताई, टेकडी फार मोठी होती गं."

"सूर्य सुटला," कुररीने सांगितले. "आता सारे पूर्ववत. सहा महिने दिवस, सहा महिने रात्र."

घरी परतून राणीने समाधानाने दिवा लावला, लेकीला मांडीवर घेतले. "आता रात्र संपेपर्यंत हव्या तेवढ्या गोष्टी सांगते हं."

किंकिणीने बोटे मोजली आणि सरकून जागा केली.

"मामा, तूही बस. आई सहा महिने सांगणार आहे."