शेकड्याच्या जागेवरची मुंगी

फार फार पूर्वी, मुंग्या मोजून घरात घेत तेव्हाची गोष्ट. बांधावरच्या वारुळाच्या तोंडाशी चार मुंग्या ओळीने बसत. एक मुंगी आत आली की उजव्या टोकाची, एककाची, आपल्यापुढे एक दाणा ठेवी. प्रत्येकीपुढे फार तर नऊ दाणे. दहावा आला की सगळे टाकायचे आणि डावीकडच्या शेजारणीला हातचा एक द्यायचा.

शेकड्याच्या जागी राघी होती. त्या दिवशी बाहेर गेलेल्या हजार मुंग्यांपैकी शेवटची आत आली, तसे एककाचे नऊ दाणे गेले, दशकाचेही गेले.

"राघे, हातचा घे गं!" दशकाची ओरडली.

राघीने आपले नऊ दाणे पाहिले. एका दाण्यापायी मी रिकामी होऊ? तिने हातचा पायाखाली दडपला.

राणीने आकडा वाचला. नऊशे.

"शंभर लेकरं बाहेर आहेत. दार लावू नका."

तेवढ्यात पाटाला पाणी सुटलं. उघड्या दारातून ते थेट अंड्यांच्या खोलीत शिरलं.

अंडी गेली, कितीक मुंग्याही गेल्या. पुढे कधीतरी वारुळात पुन्हा हजार झाल्या. हातचा आला, तेव्हा राघीने नऊही दाणे टाकले आणि जन्मभर रिकाम्या बसलेल्या डावीकडच्या म्हातारीपुढे एक दाणा ठेवला.

"एवढाच?"

"एवढाच, आजी. पण सगळ्या घरी आल्या."

मग दार लागलं.